माळरानावरचे बिऱ्हाड

सँड्रा डे ओ'कॉनर हे नाव बहुतेक वाचकांनी ऐकलेले असेल. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातील त्या पहिल्या महिला न्यायमूर्ती. सप्टेंबर १९८१ मध्ये त्यांची नेमणूक सिनेटपुढे आली, तेव्हा ९९ सदस्यांनी बाजूने मत दिले आणि विरोधात एकही मत पडले नाही. जानेवारी २००६ पर्यंत त्या पदावर होत्या आणि डिसेंबर २०२३ मध्ये वयाच्या ९३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. हा सारा सार्वजनिक इतिहास आहे. त्या ज्या घरात वाढल्या, त्या घराची कथा मात्र क्वचितच सांगितली जाते. प्रस्तुत लेखाचा विषय न्यायमूर्ती नसून ते घर, आणि ते घर उभे करणारे एक तरुण जोडपे हा आहे.

ॲरिझोना आणि न्यू मेक्सिको या दोन राज्यांच्या सीमेवर, उंच पठारावरील निमवाळवंटी प्रदेशात त्यांचे 'लेझी बी' नावाचे रँच होते. रँच म्हणजे गुरे पाळण्याचा अवाढव्य मळा. त्यात पिके नसतात, मैलोगणती कुरणे असतात. सँड्रा आणि त्यांचे धाकटे बंधू ॲलन यांनी २००२ मध्ये याच नावाने आपल्या आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्या पुस्तकामुळे एका दूरस्थ संसाराचा बारीकसारीक तपशील आपल्यापर्यंत पोहोचला आहे.

आडवा पडलेला 'बी'

गिला नदीच्या दक्षिणेचा हा प्रदेश अमेरिकेने मेक्सिकोकडून १८५३ च्या करारान्वये विकत घेतला. त्यानंतर २७ वर्षांनी, १८८० मध्ये, व्हर्माँट राज्यातून आलेल्या हेन्री क्ले डे यांनी येथे रँच सुरू केले. त्या काळी हा मुलूख निर्धोक नव्हता. अपाची टोळ्यांशी सरकारचा संघर्ष चालूच होता. जेरोनिमो शरण आला तो १८८६ मध्ये. हेन्री डे यांनी मेक्सिकोतून गुरे विकत आणली, तेव्हा त्यांच्या अंगावर इंग्रजी 'बी' अक्षराची खूण आधीच डागलेली होती. ते अक्षर उभे नसून आडवे होते. गुराख्यांच्या बोलीत आडव्या अक्षराला 'लेझी', म्हणजे आळसावून पडलेले, म्हणतात. रँचला हेच नाव कायमचे चिकटले. ज्या ठिकाणी आळसाला क्षणाचीही उसंत नव्हती, त्याचे नाव आळशी असावे, हा योगायोग मौजेचा खरा.

पुढे हेन्री डे कुटुंबासह कॅलिफोर्नियात राहू लागले. मालक दूर आणि कारभार व्यवस्थापकाच्या हाती, अशा धंद्याची जी गत सर्वत्र होते, तीच येथे झाली. धाकटा मुलगा हॅरी १८९८ मध्ये जन्मलेला. पोहण्यात पटाईत आणि अभ्यासू अशा या तरुणाला स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकायचे होते. तेवढ्यात वडील वारले. रँचची आर्थिक घडी विसकटलेली होती. 'तेवढे मार्गी लावून येतो' अशा बेताने हॅरी तेथे गेला आणि परत आलाच नाही. उरलेले सारे आयुष्य त्याने त्याच माळरानावर काढले. स्टॅनफर्डची हळहळ त्याच्या मनात शेवटपर्यंत राहिली.

शहरातून आलेली गृहिणी

हॅरी टेक्सासमधील एल पासो येथे बैल खरेदीसाठी गेला असता, ज्या व्यापाऱ्याशी सौदा करायचा होता त्याच्याच मुलीशी त्याचा स्नेह जुळला. एडा मे विल्की हे तिचे नाव. ती ॲरिझोना विद्यापीठाची पदवीधर, पियानो वाजवणारी, उत्तम पोशाखाची आवड असलेली शहरी तरुणी. १९२७ मध्ये दोघांचा विवाह झाला. वर २९ वर्षांचा, वधू २३ वर्षांची.

तिच्या वाट्याला आलेले घर पाहण्यासारखे होते. उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटांच्या चार खोल्या, भोवती जाळी लावलेला ओटा आणि त्या ओट्यावर रात्री झोपणारे गुराखी. घरात वीज नव्हती, नळ नव्हता. रॉकेलचे दिवे, लाकडाची चूल आणि घरापासून अंतरावर असलेला शौचकूप. सर्वांत जवळच्या गावांपैकी लॉर्ड्सबर्ग सुमारे ३५ मैलांवर आणि तेथवर जाणारा रस्ता कच्चा. माहेर जवळजवळ २०० मैलांवर. विंचू, खडखड्या साप आणि धुळीची वादळे हे नित्याचे सोबती.

अशा ठिकाणी एखादी शहरी गृहिणी दोनपैकी एक मार्ग धरते. एक तर ती परतीचा रस्ता पाहत दिवस मोजते, नाहीतर स्वतःच्या सगळ्या आवडीनिवडी गुंडाळून ठेवते. एडा मे हिने दोन्ही मार्ग नाकारले. ती चुलीवर गुराख्यांसह साऱ्यांचा स्वयंपाक करी. पण स्वच्छ, नीटनेटका पोशाख तिने कधी सोडला नाही. उन्हात जाताना टोपी आणि हातमोजे असत. घरात पियानो होता. टपालाने 'न्यूयॉर्कर'सारखी नियतकालिके आणि वृत्तपत्रे येत. ती शिळी असत, पण शेवटच्या पानापर्यंत वाचली जात. रात्री दिव्याभोवती नवरा-बायकोच्या ज्या चर्चा चालत, त्यांत गुरांच्या भावाबरोबर देशाच्या राजकारणालाही जागा असे. माळरानावर राहूनही ते जगापासून तुटले नाहीत, याचे श्रेय बव्हंशी या गृहिणीला द्यावे लागेल.

२६ मार्च १९३० रोजी सँड्राचा जन्म झाला तोही एल पासोत, कारण रँचच्या आसपास रुग्णालय नव्हते. तान्ही मुलगी घेऊन आई पुन्हा त्या चार खोल्यांत आली. वीज आणि नळाचे पाणी घरात आले तेव्हा मुलगी सात वर्षांची झाली होती. म्हणजे विवाहानंतरची सुमारे दहा वर्षे या जोडप्याने कंदिलाच्या उजेडात काढली.

पाण्याचा हिशेब

या संसाराचा खरा मालक हॅरी नव्हता, पाणी होते. त्या भागात वर्षाकाठी सरासरी दहा-अकरा इंच पाऊस पडतो. आपल्याकडील माण-खटावसारख्या दुष्काळी तालुक्यांतही त्याहून बरा पाऊस पडतो, एवढे सांगितले म्हणजे कल्पना यावी. गवत इतके विरळ की एका गाईला चरण्यासाठी कित्येक एकर लागत. म्हणूनच दीड लाख एकरांहून मोठा विस्तार असूनही गुरांची संख्या दोन हजारांच्या आसपासच राही. त्या विस्तारातही मालकीची जमीन थोडीच. बाकीची सरकारकडून चराईसाठी घेतलेली.

कडक उन्हाळ्यात एका गाईला दिवसाला पन्नास-साठ लिटर पाणी सहज लागते आणि पाण्यासाठी ती काही मैलांपलीकडे चालू शकत नाही. त्यामुळे ठिकठिकाणी खोल विहिरी खणून त्यांवर पवनचक्क्या बसवलेल्या होत्या. वारा वाहिला तर चक्की फिरणार, चक्की फिरली तर पाणी वर येणार. वारा पडला की इंजिन लावायचे. विहिरीच्या तळाशी पंपातील चामड्याचे वॉशर झिजले की शेकडो फूट लांबीचे नळ आणि दांडे एकेक करून वर ओढायचे, वॉशर बदलायचे आणि सारे पुन्हा खाली सोडायचे. हे काम उद्यावर टाकता येत नसे, कारण टाकीतले पाणी आटले की गुरे टाकीभोवतीच ताटकळत उभी राहून मरत.

मिस्त्रीला बोलवायचे तर मिस्त्री नाही, दुकानातून सुटा भाग आणायचा तर दिवस मोडणार. हॅरीने म्हणून प्रत्येक काम स्वतः शिकून घेतले. जुना खिळा, तारेचा तुकडा, मोडक्या यंत्राचा नट, काहीही फेकले जात नसे. घरात मोजकेच सामान आणि त्या सामानाचा अखेरपर्यंत वापर, ही शिस्त मुलांनी पाहतापाहता उचलली.

मंदी, दुष्काळ आणि वहीखाते

विवाहाला दोन वर्षे होतात न होतात तोच १९२९ ची जागतिक मंदी आली. गुरांचे भाव कोसळले. पाठोपाठ १९३४ मध्ये भीषण दुष्काळ पडला. चाऱ्याअभावी खंगलेली गुरे दुष्काळी राज्यांतून सरकारलाच विकत घ्यावी लागली. त्याच वर्षी 'टेलर चराई कायदा' झाला. तोवर सरकारी माळरानावर जो आधी पोहोचेल त्याची गुरे चरत. आता परवाना आणि शुल्क आले. १९३६ मध्ये एका गाईमागे महिन्याला पाच सेंट असा प्रारंभीचा दर ठरला.

कर्जवाटपाच्या कामात आयुष्य घालवलेल्या माणसाला या वहीखात्याचे स्वरूप लगेच उमगते. उत्पन्न वर्षातून एक-दोनदा, खर्च बारा महिने. तारण म्हणून दाखवायची मालमत्ता जिवंत, आणि पाऊस हुकला की तीच सर्वांत आधी नाहीशी होणार. अशा कर्जदाराची पत कागदपत्रांवरून ठरत नाही. वाईट वर्षी तो किती खर्च आवरतो आणि चांगल्या वर्षी किती शिल्लक टाकतो, यावरून ठरते. हॅरी डे काटकसरी होता, कधीकधी कठोर वाटावा इतका. पण मंदीच्या काळात आजूबाजूचे अनेक पशुपालक उठून गेले असता तो टिकला, तो या शिस्तीमुळेच.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे नोंदवणे अवश्य आहे. ही गुरे अखेरीस मांसाच्या बाजारात जात. जीवदयेच्या संस्कारात वाढलेल्या आपल्यासारख्या वाचकांना हा व्यवसाय मान्य होण्यासारखा नाही, आणि या कुटुंबाचा संसार वर्णन करताना त्यावर पांघरूण घालणे प्रामाणिकपणाचे ठरणार नाही. आपण येथे पाहतो आहोत तो त्यांचा धंदा नव्हे. परक्या, उजाड जागी एक तरुण कुटुंब पाय रोवते म्हणजे नेमके काय करते, हे आपल्याला पाहायचे आहे. त्या घरातील मुलांचे प्राण्यांशी असलेले नाते मात्र निव्वळ हिशेबाचे नव्हते. सँड्राचा चिको नावाचा आवडता घोडा होता, आणि एक रानमांजराचे पिल्लूही त्या घरात लहानाचे मोठे झाले.

गुराख्यांचे गोकुळ

दूरच्या जागी नातेवाईक नसतात, तेव्हा सोबतीची माणसेच नातेवाईक होतात. 'लेझी बी'वरील काही गुराखी तेथे कोवळ्या वयात आले आणि कित्येक दशके राहिले. त्यांपैकी मेक्सिकन वंशाच्या एका गड्याला अक्षरओळख नव्हती. पण हजारो गुरांतील कोणती गाय कोणती आणि कोणते वासरू तिचे, हे त्याला अचूक ठाऊक असे. आठ वर्षे एकुलती एक असलेल्या सँड्राचे सवंगडी हेच. त्यांच्याकडून ती घोड्यावर बसायला शिकली, मोटार चालवायला शिकली, आणि अवघड काम गाजावाजा न करता कसे करावे हेही शिकली. शाळेचे शिक्षण नसलेली माणसे आपल्या मुलीची गुरू होऊ शकतात, हे सुशिक्षित आईबापांनी जाणले, ही गोष्ट लहान नाही.

वर्षातून दोनदा सारी गुरे गोळा करून मोजण्याचे, खुणा करण्याचे काम चाले. त्याला राउंडअप म्हणत. ते पूर्णपणे पुरुषांचे क्षेत्र होते. मोठी झाल्यावर सँड्रा त्यात सामील झाली. केवळ पुरुषांच्या वर्तुळात पाऊल ठेवण्याचा आपला पहिला अनुभव तोच होता, असे तिने पुढे नमूद केले आहे. न्यायालयात पोहोचेपर्यंत असे प्रसंग तिच्यावर अनेकदा यायचे होते.

सर्वांत मोठी किंमत

दूर जाऊन राहणाऱ्या प्रत्येक तरुण कुटुंबापुढे एक प्रश्न हमखास उभा राहतो. वीज, पाणी, रस्ता यांच्यावाचून माणूस जुळवून घेतो. मुलांच्या शिक्षणापाशी मात्र त्याची पावले अडखळतात. बँकेत ग्रामीण शाखेवर बदली झालेल्या तरुण अधिकाऱ्यांच्या तोंडी पहिला प्रश्न भाड्याच्या घराचा नसे, शाळेचा असे. डे कुटुंबालाही हा प्रश्न सुटला नाही.

चौथ्या वर्षापासून आईने मुलीला घरीच शिकवायला घेतले. बाल्टिमोरच्या कॅल्व्हर्ट शाळेचे टपालाने चालणारे पाठ त्या काळी अनेक दूरस्थ कुटुंबे वापरत. तेच तिने वापरले. मुलगी भराभर वाचू लागली. पण वाचन म्हणजे शाळा नव्हे, समवयस्क मुले हवीत, हे आईबाप ओळखून होते. कुटुंबाने रँच सोडायचे, की आईने मुलीला घेऊन शहरात राहायचे, की मुलीला एकटीला पाठवायचे? त्यांनी तिसरा पर्याय निवडला. सहाव्या वर्षी सँड्राला एल पासोत आजीच्या घरी ठेवण्यात आले.

आजी मायाळू होती, अखंड बोलणारी होती, आणि ही नात मनात आणील ते करून दाखवील अशी तिची ठाम समजूत होती. शाळाही चांगली होती. तरीही सहा वर्षांच्या मुलीला घरची आठवण यायची ती आलीच. सुट्टी लागली की ती आगगाडीने लॉर्ड्सबर्गला यायची आणि सुट्टी संपताना निघताना मन मोडायचे. या विरहाचे चटके प्रौढपणीही तिच्या लेखनातून जाणवतात.

आठव्या इयत्तेत तिने हट्ट धरला की आता घरी राहूनच शिकायचे. आईबापांनी तो मानला. लॉर्ड्सबर्गच्या शाळेत जाण्यासाठी रोज एका दिशेने ३२ मैल बसचा प्रवास सुरू झाला. पहाटे अंधारात निघायचे, संध्याकाळी अंधारातच परतायचे. ज्या रँचसाठी ती परत आली, ते रँच तिला शनिवार-रविवारखेरीज उजेडात दिसेनासे झाले. एका वर्षात सर्वांनी मुकाट्याने कबूल केले की हे चालणार नाही. ती पुन्हा आजीकडे गेली.

या निर्णयाला बरोबर किंवा चूक ठरवणे मला अवघड वाटते. तो घेतला नसता तर पुढचे शिक्षण झाले नसते, हे उघड आहे. घेतल्यामुळे बालपणातील कितीतरी संध्याकाळी आईवडिलांविना गेल्या, हेही तितकेच उघड आहे. रँचवर स्थिरावण्याची जी किंमत होती, तिचा मोठा वाटा त्या घरातील सर्वांत लहान व्यक्तीने भरला. बाहेर पडणाऱ्या तरुण जोडप्यांनी आपल्या हिशेबात ही रक्कम आधीच मांडून ठेवावी. ती पुढे कोणत्याही सदरातून वजा होत नाही.

पंक्चर झालेले चाक

या घरातील संस्काराची रीत सांगणारा एक प्रसंग प्रसिद्ध आहे. सँड्रा पंधरा वर्षांची असेल. दूरच्या कुरणात काम करणाऱ्या वडिलांना आणि गुराख्यांना दुपारचे जेवण पोहोचवण्याचे काम तिच्याकडे होते. सकाळीच ट्रकमध्ये जेवण भरून ती एकटी निघाली. वाटेत, चिटपाखरूही नसलेल्या जागी, टायर पंक्चर झाले. तिने जॅक लावून ट्रक उचलला आणि पान्हा घातला. पण गंजलेले नट हलेनात, चाक मात्र हवेत फिरू लागले. मग तिने ट्रक पुन्हा खाली उतरवला, चाक जमिनीवर टेकवले आणि पान्ह्यावर उभे राहून, अंगाचे सारे वजन टाकून, एकेक नट सैल केला. पुन्हा जॅक, चाक बदलणे, पुन्हा प्रवास.

ती पोहोचली तेव्हा जेवणाची वेळ टळून गेली होती. वाट पाहून मंडळींनी पुढचे काम हाती घेतले होते. वडिलांनी तिच्याकडे पाहिले आणि काम आटोपल्यावरच सारे जेवायला आले. तिने पंक्चरची हकिगत सांगितली. शाबासकीची अपेक्षा होती. वडील म्हणाले ते एवढेच, की मग आणखी लवकर निघायला हवे होते. या मुलखात काहीही घडू शकते हे धरूनच चालावे लागते.

आजच्या पालकांना हे उत्तर निष्ठुर वाटेल. मलाही प्रथम वाचताना तसेच वाटले. मुलीने एकटीने जे केले, त्याचे कौतुक एका वाक्याने केले असते तर काही बिघडले नसते. पण ज्या माळरानावर एक विहीर बंद पडल्याची बातमी दोन दिवस उशिरा कळली तर कळप मरतो, तेथे सबबीला जागा नसते. हॅरीने स्वतःलाही ती सवलत कधी दिली नव्हती. सँड्राने पुढे या प्रसंगाबद्दल राग धरला नाही. त्यातून मिळालेला धडा ती आयुष्यभर सांगत राहिली.

पुढे काय झाले

सोळाव्या वर्षी सँड्रा स्टॅनफर्ड विद्यापीठात दाखल झाली. वडिलांचे अपुरे राहिलेले स्वप्न मुलीने पुरे केले. १९५० मध्ये अर्थशास्त्राची आणि १९५२ मध्ये कायद्याची पदवी तिने घेतली. उत्तम गुण असूनही वकिलांच्या कचेऱ्या स्त्रीला वकील म्हणून घ्यायला तयार नव्हत्या. एका ठिकाणी सचिवाची नोकरी देऊ केली गेली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जॉन ओ'कॉनर यांच्याशी तिचा विवाह झाला तो 'लेझी बी'वरच. धाकटी बहीण ॲन ॲरिझोनाच्या राजकारणात शिरली. ॲलन विद्यापीठाचे शिक्षण संपवून रँचवर परतला आणि त्याने कित्येक वर्षे कारभार सांभाळला.

१९८१ च्या शपथविधीला हॅरी आणि एडा मे उपस्थित होते. कंदिलाच्या उजेडात संसार मांडणाऱ्या या जोडप्याला तो दिवस पाहता आला. हॅरी १९८४ मध्ये गेला, एडा मे १९८९ मध्ये.

आणि रँच? ते कुटुंबाकडे राहिले नाही. सरकारी नियम वाढले, नफा आटत गेला आणि पुढच्या पिढीतील कोणालाही तेथे आयुष्य घालवायचे नव्हते. शंभरहून अधिक वर्षे एका घराण्याकडे असलेला हा मळा १९८६ पासून टप्प्याटप्प्याने विकण्यात आला. मुलांना बाहेरच्या जगासाठी तयार केले की ती बाहेरच्या जगातच रमतात, हे आईबापांना एल पासोची गाडी पहिल्यांदा सुटली तेव्हाच कळले असावे.

आज आपल्याकडचीही काही तरुण जोडपी शहर सोडून शेतावर, डोंगराच्या पायथ्याशी किंवा परदेशातील एकाकी वस्तीत राहायला जाऊ पाहतात. घरातील वडीलधारे एक तर त्यांना वेड्यात काढतात, नाहीतर निसर्गाचे गोडवे गाऊन निरोप देतात. दोन्हींऐवजी त्यांच्यासमवेत कागद-पेन घेऊन बसावे. पाणी कोठून येणार, वाईट वर्षाची तरतूद किती, दुरुस्ती कोण करणार, बाळंतपण आणि आजारपण कोठे, आणि मूल सहा वर्षांचे होईल तेव्हा काय, एवढे पाच प्रश्न लिहून काढावेत. उत्तरे अपुरी असली तरी हरकत नाही. डे दांपत्याकडेही ती सगळी नव्हती. मात्र प्रश्न माहीत असलेले जोडपे आणि नसलेले जोडपे यांच्या संसारात फार अंतर पडते. आणि सामानात चार पुस्तके, एखादे मासिक आणि मनाला रमवणारे एखादे वाद्य असू द्यावे. एडा मेचा पियानो त्या माळरानावर कोणत्याच उपयोगाचा नव्हता. पण ती तेथे ६२ वर्षे राहिली, त्यात त्याचाही वाटा असणार.